एक दिवस काम, एक दिवस पाहणं

मिस्तरी एक दिवस काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ते काम पाहायला यायचा. पाहायला म्हणजे नुसतं पाहायला. हत्यारांची पिशवी घरी ठेवून, धुतलेला सदरा घालून तो सकाळी नऊला फाटकाशी सायकल लावी, परसात येऊन उलट्या घमेल्यावर बसे आणि काल केलेल्या कामाकडे तास-दीड तास बघत राही. मध्ये एक चहा. मग "ठीक हाय" किंवा "ठीक नाई" एवढं बोलून निघून जाई. ठीक नसलं तर तिसरा दिवस ते काम उकलण्यात जाई आणि चौथा दिवस उकललेलं पाहण्यात.

यात मी काही वाढवून सांगत नाही. बांधकाम खात्यात आरेखकाची नोकरी करणाऱ्या माणसाला वाढवून सांगण्याची सवय परवडत नाही. माझ्या वहीत नोंद आहे. आमच्या न्हाणीत गरम पाण्याचा टब बसवून त्याला विजेची लाइन द्यायला बेचाळीस दिवस लागले. त्यांपैकी मिस्तरीच्या हातात हत्यार होतं असे दिवस एकोणीस. पाहण्याचे चौदा. उरलेले नऊ कशाचे, ते मला आजही सांगता येणार नाही.

तोंडावर मी त्याला "अहो मिस्तरी" म्हणत असे, कारण तो माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठा होता. मनात मात्र मी त्याला कधी अहो म्हटलं नाही, आणि इथे मनातलंच लिहायचं ठरवलं आहे.

टब हवा होता आईसाठी. वडील गेल्यावर ती केळझरकडचं शेत सोडून आमच्याकडे वर्ध्याला आली, आणि दोन वर्षांत संधिवाताने तिला खाटेला लावलं. उठवायला दोन माणसं लागत. ती ओरडत नसे. दात दाबून श्वास आत ओढायची, आणि तो आवाज मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. डॉक्टरांनी सांगितलं, चाळीस अंश गरम पाण्यात रोज अर्धा तास कमरेच्या वरपर्यंत बसवा, आणि पाण्यातच गुडघे हलवू द्या. हिवाळ्याच्या आत सुरू करा, नाहीतर सांधे कायमचे धरतील. हे त्यांनी दिवाळीच्या सुमारास सांगितलं. टब मला लगेच मिळाला. एका निसर्गोपचार केंद्राने मोडीत काढलेला, जस्ती पत्र्याचा, साडेपाच फूट लांब, सव्वादोन फूट रुंद. पंधरा इंच पाणी भरलं की चारशे चाळीस लिटर. निम्मं पाणी बंबात तापवायचं आणि बाकीचं दोन किलोवॅटच्या रॉडने. रॉडला पावणेनऊ अँपिअर करंट लागतो आणि घरातली लाइन होती पाच अँपिअरची. म्हणून नवी लाइन, आणि म्हणून मिस्तरी.

तो पवनारला राहायचा. त्याआधी बरीच वर्षं पुलगावला फौजेच्या दारूगोळ्याच्या डेपोत वायरमन होता. तिथून तो निवृत्त झाला, पण तिथल्या फाटकातून बाहेर आला असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी आमच्या घरात शिरताना त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी हात मिळवायला गेलो.

"काड्याची पेटी," तो म्हणाला.

"कशाला?"

"काम चालू हाय तोवर अंगावर काड्याची पेटी नाई पाह्यजे. भाईर ठेवा."

मी विडी-सिगारेट ओढत नाही. पेटी स्वयंपाकघरात होती, चुलीशी. ती माझ्या बायकोला बेचाळीस दिवस तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवावी लागली, आणि दर चहाला परसात जाऊन आणावी लागली. "इथे काय दारूगोळा हाय का?" असं तिने एकदा विचारलं. मिस्तरी म्हणाला, "दारूगोळा नाई म्हणूनच बेफिकीर राह्यता तुमी."

दुसरी सवय डाव्या हाताची. काम करताना तो डावा हात पाठीमागे पायजम्याच्या नेफ्यात खोचून ठेवायचा आणि सगळं एकट्या उजव्या हाताने करायचा. एका हातातून शिरलेला करंट दुसऱ्या हाताकडे जाताना छातीतून जातो, म्हणून दुसरा हात कामावर आणायचाच नाही. हे शास्त्राला धरून आहे, मी नाही म्हणत नाही. पण एका हाताने लाकडी पट्टीत चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या तर एका चुकेला किती वेळ लागतो ते मी मोजलेलं आहे, आणि आमच्या घरात चुका दोनशेच्या वर आहेत. चहासुद्धा तो डावा हात मागे ठेवूनच प्यायचा. मी म्हटलं, "मिस्तरी, कपात करंट नाही." तर म्हणे, "कपात नाई. पण सवय मोडली का हात ऐन वक्ताले भाईर येते."

मी त्याच्यासाठी नकाशा काढून ठेवला होता. एकास दहा प्रमाण, निळी शाई. टब, निचऱ्याची नळी, मेन स्विच, रॉडचा प्लग, आईला धरायला भिंतीत लोखंडी दांडा, सगळं इंचापर्यंत. त्याने तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"यात माय कुठी हाय?"

"हा टब. हा स्विच. हा निचरा."

"ते दिसते भाऊसाहेब. माय कुठी हाय?"

तो उठून आईच्या खाटेपाशी जाऊन बसला. "माय, उठता तवा कोणता हात टेकता?"

"डावा. उजव्याचं मनगट धरते."

"अन् पाय पयले कोणता खाली ठेवता?"

"जो दुखत नाई तो."

"आज कोणता दुखत नाई?"

"आज दोन्ही दुखते बाप्पा. तू आलाच उशिरा."

तो हसला नाही. त्याने तिला डावा हात लांब करायला लावला आणि सुतळीने बोटापासून खांद्यापर्यंत माप घेतलं. मग परसात येऊन म्हणाला, टब उलटा फिरवाचा, डोक्याकडची बाजू पायाकडे. स्विच तिच्या हाताच्या दुप्पट लांब. रॉड पायाच्या टोकाला. म्हणजे निचरा उलटा, नळी उलटी, माझा नकाशा अख्खा उलटा. तो बरोबर होता हे मान्य करायला मला चार दिवस लागले, आणि बसवलेली नळी पुन्हा काढायला पाचवा.

त्यानंतर जमीन. परसातली माती काळी. मिस्तरी म्हणाला, ही पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात भेगा देते, हिच्यावर टब ठेवला तर वर्षात कलंडते. तीन फूट खणायचं, मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचा थर देऊन धुम्मसाने ठोकायचा. तोवर वायरला हात लावणार नाही. मी त्याला आकडे दाखवले. पाणी, टब आणि आई मिळून पाच क्विंटल पस्तीस किलो. दर चौरस फुटाला त्रेचाळीस किलो. उभ्या बैलाच्या खुराखाली याहून जास्त भार येतो.

"बैल उठून जाते," तो म्हणाला. "टब तठीच राह्यते."

मुरूम भरला. ठोकला. त्यावर सिमेंटचा ओटा घातला. ओटा समतल आहे की नाही ते पाहायला माझ्याकडे कंपनीची पाणसळ होती. ती मी ठेवून दाखवली, बुडबुडा बरोबर मध्ये. मिस्तरीने बायकोकडून एक थाळी मागवली, काठोकाठ पाण्याने भरली, ओट्यावर ठेवली आणि घमेल्यावर बसला, पाणी कोणत्या काठाने सांडतं ते पाहायला. ते कोणत्याच काठाने सांडलं नाही. दोन्ही मापांचं उत्तर एकच आलं, पण माझं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं होतं.

डिसेंबर संपला. आईचा आवाज आता पहाटे दोनदा ऐकू येई. आधी उजवा गुडघा सत्तर अंशांपर्यंत वाकायचा, तो चौसष्टवर आला. मी कोनमापकाने मोजत असे. मिस्तरीला मी ते आकडे सांगितले तेव्हा त्याने मान हलवली आणि म्हणाला, "उद्या पाह्याले येतो."

शेवटी उरलं अर्थिंग. मिस्तरी करंटबद्दल बोलायचा तो घरातल्या एखाद्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसा. "तो रिकामा बसत नाई भाऊसाहेब. त्याले जमिनीत जाची घाई राह्यते. आपण त्याले सरळ वाट करून देली तर तो आपल्याले विचारत नाई. वाट नाई देली का मंग आपल्यातून जाते." ती वाट म्हणजे पाच फूट खोल खड्डा, त्यात उभी लोखंडी नळी, आणि भोवती कोळसा आणि खडेमीठ यांचे थर. कोळसा लोहाराकडचाच पाहिजे. मीठ बारा किलो. आई खाटेवरून खिडकीतून पाहत होती.

"मिस्तरी, लोणचं घालून राह्यला का?"

"हो माय. आठ दिवस मुरू द्या. रोज दोन बादल्या पाणी. मंग मी टबाची तार याले जोडतो अन् लाइन चालू करतो." आणि माझ्याकडे वळून, "तोवर कोणी हात नाई लावाचा. रॉडही मले दाखवा आधी. अन् भाऊसाहेब, पाणी तापलं का प्लग काढून हातात घ्याचा, मंगच माय पाण्यात. प्लग बोर्डात अन् माय टबात, असं एक मिनिट नाई."

एवढं सांगून तो गेला. जानेवारीचा दुसरा आठवडा. टब जागेवर, तार भिंतीवर, स्विच बसलेला, मीटरपाशी दोन टोकं जोडायची तेवढी बाकी. आणि वाट कशाची पाहायची, तर मिठाने ओल धरण्याची.

मी एक दिवस वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला उठवताना तिच्या तोंडून पहिल्यांदा शब्द आला. "राहू दे रे," ती म्हणाली, "मले असंच पडू दे." मी साडेआठला मेन बंद केला, ती दोन टोकं जोडली आणि मेन चालू केला. मला दोन्ही हात वापरूनसुद्धा अकरा मिनिटं लागली. साडेअकराला आई पाण्यात होती.

आणि तिला बरं वाटलं. हे खोटं लिहून चालणार नाही. ती डोळे मिटून बसली आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या माझ्यासमोर उलगडल्या. पण जानेवारीत उघड्या टबातलं पाणी अर्ध्या तासात दोन अंशांनी निवतं. अडतीसवर येतं. डॉक्टरांनी चाळीस सांगितलं होतं. मी थर्मामीटर हातात घेऊन उभा होतो, आणि ते दोन अंश मला सहन होईनात. मी रॉड चालूच ठेवला.

"मुंग्या चालते पायात," आई म्हणाली. "गुडघ्यात जान येऊन राह्यली."

मी वहीत लिहिलं: मुंग्या, पोटऱ्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी: मुंग्या, गुडघ्याच्या वर, चांगली प्रगती. गुडघा बहात्तर अंश. तिसऱ्या दिवशी बायकोने साबण द्यायला पाण्यात हात घातला आणि झटकन काढला.

"अहो, मलेही मुंग्या आल्या. मले कुठी वात हाय?"

मी तिला सांगितलं, गरम पाण्याने रक्त जोरात फिरतं, त्याने होतं. हे मी सांगितलं. मी, ज्याला करंट म्हणजे काय ते शिकवून खात्याने नोकरी दिली होती.

एक गोष्ट मात्र आईला आवडली नव्हती. मी भिंतीत बसवलेला लोखंडी दांडा. "तो चावते," ती म्हणायची, आणि त्याला हात लावत नसे. थंडीने लोखंड बोचत असेल, असं मी समजलो.

सहाव्या दिवशी मिस्तरी आला. आठ दिवस झाले नव्हते, पण तो खड्डा पाहायला आला होता. आई तेव्हा टबात होती. रॉड चालू होता. न्हाणीच्या दारावर पडदा होता, आणि मिस्तरी बाहेर घमेल्यावर बसून चहा पीत होता. त्याला वाटलं आई नेहमीसारखी आंघोळ करते आहे. पडद्याआडून ती म्हणाली, "मिस्तरी, तुह्या टबाचा गुण आला बरं. पाय कसे झिणझिणून राह्यले."

त्याने कप खाली ठेवला. धावला नाही. उठला, मेनपाशी गेला, मेन पाडला. मग माझ्या बायकोला म्हणाला, "बाई, मायले भाईर घ्या. भिंतीले हात लावू देऊ नका." त्याच्या आवाजात काहीच नव्हतं, म्हणून तिने प्रश्न न विचारता तसं केलं.

आईला खाटेवर नेल्यावर त्याने पिशवी मागितली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज पाहण्याचा दिवस, पिशवी घरी. त्याने माझ्याकडून झिरोचा बल्ब, होल्डर आणि दोन हात वायर मागून घेतली. मेन चालू केला. वायरचं एक टोक खड्ड्यातल्या नळीला लावलं, दुसरं टबाच्या काठाला. बल्बची तार हळूहळू लाल झाली. उजेड पडला नाही, नुसता लाल दोरा दिसला.

"किती दिवस?"

"पाच."

"रोज?"

"अर्धा तास. रॉड चालू." आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "म्हणजे आजचा धरून पावणेतीन तास."

"हिशेब बराबर हाय," मिस्तरी म्हणाला.

मग तो लोखंडी दांड्याकडे बघत राहिला. दांडा ओल्या भिंतीत सिमेंटने पक्का होता. टबात बसलेल्या बाईने तो ओल्या हाताने घट्ट धरला असता, तर करंटला जमिनीत जायला ती एकच वाट होती. त्याने ते मला सांगितलं नाही. त्याने छिन्नी मागितली आणि दांडा भिंतीतून काढला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला एकही वाक्य असं सुनावलं नाही की ज्याचा मला राग यावा, आणि हे त्याच्या कुठल्याही सवयीपेक्षा जास्त जाचलं.

पुढचे तीन दिवस तो सलग काम करत होता. मध्ये पाहण्याचा दिवस नाही. टबाला जाड तार जोडली, अर्थिंग पुरं केलं, लोखंडाच्या जागी सागवानी दांडा बसवला. रॉड बारीक तडकलेला निघाला, तो त्याने दगडावर ठेवून हातोड्याने ठेचला, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. नवा रॉड आला. प्लग काढून घेतल्याशिवाय टबात उतरताच येऊ नये अशी जागा त्याने प्लगला दिली. मग आईला पुन्हा पाण्यात बसवलं.

ती पाच मिनिटांत बाहेर निघते म्हणाली. "पाणी मेलं," ती म्हणाली. "आता यात काई नाई."

दुसऱ्या दिवशी ती उतरलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी तिला कोन दाखवले, अंश सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून पडली. ते नऊ दिवस कशात गेले ते माहीत नाही असं मी वर लिहिलं. हे चार मात्र मला माहीत आहेत. गुडघा पुन्हा सदुसष्टवर आला. मुंग्या कशाच्या होत्या हे सांगितल्याशिवाय ती ऐकणार नव्हती, आणि ते सांगायचं म्हणजे कोणी केलं तेही सांगावं लागणार होतं.

चौथ्या दिवशी मिस्तरी तिच्या खाटेपाशी पाटावर बसला. मी दारात उभा होतो.

"माय, टबात काऊन बसत नाई?"

"काय राह्यलं आता तुह्या टबात? तू आला अन् सारा गुण काढून नेला. मी रोज केळझरच्या गणपतीले हात जोडून राह्यलती का गुडघ्यात जान येऊन राह्यली म्हणून."

"तो गुण नोता माय. करंट होता."

आईने तोंड त्याच्याकडे वळवलं.

"रॉड तडकेल होता. अर्थिंग जोडेल नोतं. पाण्यात करंट येत होता." मी चौकट धरली. पुढचं वाक्य माझ्या नावाचं होतं. मिस्तरी म्हणाला, "मी तशीच लाइन चालू करून गेलो. चूक माही हाय."

"तुही?"

"माहीच."

आई कोपरावर उठली. स्वतःची स्वतः. "दीड मैना तू तठी घमेल्यावर बसून पाहून राह्यलता. अन् जे पाह्याचं तेच नाई पाह्यलं?"

"नाई पाह्यलं माय."

"मेली असती ना मी."

"हो."

"माह्या पोरानं भरोशानं घर तुह्या हाती देलं. तो बिचारा रोज थर्मामीटर घेऊन उभा राह्यते. अन् तू?"

मिस्तरी खाली बघत बसला. मी तोंड उघडलं असेल, कारण त्याने मान न वळवता नुसता पंजा वर करून मला थांबवलं. आईला वाटलं तो तिची माफी मागतो आहे. ती आणखी पाच मिनिटं बोलली. त्यातलं बरंच मी इथे लिहीत नाही. मग ती दमली आणि म्हणाली, "मंग मले बरं कशानं वाटलं?"

"गरम पाण्यानं. तुमी पाय हलवले त्यानं."

"करंटानं नाई?"

"करंटानं बरं होत असतं तर मी पयलवान असतो माय."

ती हसली नाही, पण भिंतीकडे वळलीही नाही. "उद्या बसून पाह्यते," ती म्हणाली. "पण आधी तू हात घालजो पाण्यात."

दुसऱ्या दिवशी त्याने हात घातला, मग ती बसली.

फाटकाशी मी त्याला गाठलं. "असं का सांगितलंत?"

सायकलचं कुलूप काढता काढता तो म्हणाला, "माय तुमचा हात धरून पाण्यात उतरते. माहा धरून नाई. तुमच्यावरचा भरोसा गेला असता तर तिले टबात कोणं उतरवलं असतं? अन् तो ओटा, भाऊसाहेब, त्याच्या बाजूनं मुरूम थोडा वर टाका." आणि गेला. मी आभार मानायला आलो होतो आणि मुरमाचं काम घेऊन परतलो.

त्या वर्षी चैत्रात आई काठी घेऊन चालायला लागली. पुढच्या हिवाळ्यात सुनेच्या खांद्यावर हात ठेवून केळझरची टेकडी चढली. मिस्तरी दर दोन-तीन महिन्यांनी खड्डा पाहायला यायचा, न बोलावता. सायकलची घंटा ऐकली की आई खाटेवरून उठायची, काठी न घेता मागच्या दारापर्यंत जायची आणि म्हणायची, "आला का मारेकरी?" चौदा पावलं. मी मोजत असे. तो म्हणायचा, "आलो माय," आणि चहा घ्यायचा. त्याच्यासमोर ती आल्यागेल्याला सांगायची की या माणसाने मला मारलं होतं, माझ्या पोरामुळे वाचले. मी तिथेच असायचो.

पहिल्या वर्षी मी गप्प राहिलो कारण ती टबात उतरायची थांबली असती. दुसऱ्या वर्षी तिने चालणं सोडू नये म्हणून. त्यानंतर माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, तरी मी गप्पच राहिलो. अशी नऊ वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात आई गेली. तेव्हाही तिच्या लेखी दोष मिस्तरीचाच होता.

टब एका ओळखीच्या घरी द्यायचा ठरला. त्यांच्याकडेही एक म्हातारी आहे. लाइन काढायला मिस्तरी आला. आता त्याला धाप लागते, आणि पवनारहून बसने येतो. मी त्याला न्हाणीच्या दारात अडवलं. म्हटलं, "मिस्तरी, मला एक बोलायचं आहे. आईला मी शेवटपर्यंत..."

"मेन पाडला का?"

"पाडला."

"पाहून या."

मी जाऊन पाहिलं. पाडलेला होता. परत आलो तोवर तो पाठीवर निजून टबाखाली शिरला होता, फक्त पायांचे तळवे बाहेर होते. मला जे बोलायचं होतं ते मी त्या तळव्यांकडे बघून बोललो. लाइन मी जोडली. तुम्ही नाही म्हटलं होतं. नऊ वर्षं तुम्ही माझ्या वाट्याचं बोलणं ऐकून घेतलं. आईला मी सांगायला हवं होतं.

टबाखाली नटबोल्टचा आवाज थांबला.

"पक्कड द्या," तो आतून म्हणाला.

मी दिली.